तीट

दहावी ब चा शुक्रवारचा शेवटचा तास माझा असायचा. विषय राज्यशास्त्र, जुन्या लोकांच्या भाषेत नागरिकशास्त्र. सव्वीस वर्षं मी हा विषय शिकवला आणि सव्वीस वर्षं तो इतिहासाच्या ताटात लोणच्यासारखा वाढला गेला. मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. डिसेंबरपर्यंत इतिहास ओढायचा आणि मग "मूलभूत हक्क घरी वाचून घ्या, दोन-चार मार्कांना येतात" असं सांगून मोकळं व्हायचं, हे मी कितीतरी वर्षं केलंय.

मग तीन वर्षांपूर्वी लक्षपट्टी आली आणि माझी पळवाट बंद झाली.

लक्षपट्टी म्हणजे कपाळाला बांधायची रबरी पट्टी. तिच्या आतल्या बाजूला बारीक दिवे असतात. त्यांचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, तो लाल रंगाच्याही पलीकडचा असतो. हा उजेड कातडीतून आणि हाडातून दीड-दोन सेंटिमीटर आत जातो आणि थोडा परत येतो. प्राणवायूनं भरलेलं ताजं रक्त तो एका प्रमाणात शोषतं, वापरलेलं रक्त दुसऱ्या प्रमाणात. माणूस मन लावून विचार करू लागला की मेंदूचा पुढचा भाग ताजं रक्त ओढून घेतो. परत आलेला उजेड मोजला की आत किती काम चाललंय याचा अंदाज येतो. धूर बघून शेजारणीची चूल पेटली की नाही ते ओळखावं, तसाच हा प्रकार.

माझ्या टेबलावरच्या पडद्यावर सेहेचाळीस ठिपके असत. हिरवा म्हणजे लक्ष आहे, पिवळा म्हणजे डळमळतंय, लाल म्हणजे मूल मनानं घरी पोचलंय. गणिताला वर्ग हिरवा, विज्ञानाला पिवळा-हिरवा. माझ्या तासाला मात्र वर्ग टोमॅटोच्या पाटीसारखा लाल. तासाची सरासरी आपोआप मुख्याध्यापकांच्या खोलीत जायची, तिथून जिल्ह्याला. महिन्याच्या बैठकीत मुख्याध्यापक भोयर सर सगळ्यांदेखत माझा आकडा वाचून दाखवायचे.

"तायवाडे मॅडम, तुम्ही मुलांना झोपवून राहिल्या," असं ते एकदा म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, आणि घरी जाऊन नवऱ्यावर भांडी आपटली.

आता गेल्या वर्षीच्या जून महिन्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं. दहावी ब ची मी वर्गशिक्षिका होते. जूनच्या पालकसभेत प्रत्येक पालकाच्या सह्या घ्यायच्या असतात. शिष्यवृत्तीचा फॉर्म, बसच्या पासाचा फॉर्म, आधार दुरुस्तीचा फॉर्म. त्याच गठ्ठ्यात लक्षपट्टीचं संमतीपत्र होतं, आठ पानांचं. मी आदल्या दिवशी बसून प्रत्येक कागदावर सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली केली होती. वर्षानुवर्षं आम्ही असंच करतो. लोक कामधंदा टाकून आलेले असतात.

"फुली केली आहे तिथं सही करा," मी म्हणत होते. "वाचत बसू नका, सगळ्यांचं सारखंच आहे."

सेहेचाळीस सह्या चाळीस मिनिटांत झाल्या. भोयर सरांनी बैठकीत माझं कौतुक केलं.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी माझ्या लाल पडद्यावर एक हिरवा ठिपका उगवला. प्रांजली झाडे. दुसऱ्या बाकावरची, किडकिडीत, प्रश्न विचारण्याआधी पेनाचं टोपण चावणारी मुलगी. तिची आई बसस्टँडसमोर पोह्यांची गाडी लावते. तासभर तो ठिपका हलला नाही. मी स्वातंत्र्याच्या हक्काची उपकलमं घडाघडा सांगत होते, मला स्वतःला जांभई येत होती, आणि ही पोरगी हिरवीगार!

तास संपल्यावर तिनं पट्टी काढली आणि मला तिच्या कपाळावर काळा डाग दिसला.

"हे काय गं?"

"तीट आहे मॅडम. ताई बाळंतपणाला आली ना घरी. आई बाळाले तीट लावत होती. मी घटक चाचणीत पहिली आली म्हणून मलेही लावली, दृष्ट नको लागाले म्हणून." तिनं पट्टीकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. ती हुशार आहे, आणि मीही अगदीच मठ्ठ नाही. घरचं काजळ म्हणजे एरंडेल तेलाच्या दिव्याची काजळी. काजळी तो न दिसणारा उजेड गिळून टाकते, परत काही येतच नाही. आणि पट्टी हलल्यानं, घामानं आलेख मध्येच तुटला तर शाळा तक्रारी करतात, म्हणून कंपनीनं एक सोय करून ठेवली होती. तुटलेली जागा त्या मुलाच्या आधीच्या सर्वांत चांगल्या आकड्यांनी आपोआप भरली जायची.

हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. खरं सांगायचं तर समजलं होतं.

"कपाळ पूस," एवढंच मी म्हणाले आणि माझा रुमाल तिला दिला. भोयर सरांना काही सांगितलं नाही. त्या दिवशी माझी सरासरी पहिल्यांदा वर सरकली होती.

प्रांजलीची तीट बाकावरून बाकावर पसरली. गणपतीपर्यंत सहा ठिपके हिरवे झाले, नवरात्रात वीस. दिवाळीच्या सुट्टीआधी वर्ग असा हिरवा झाला की डोळे निवावेत. रुमालाला काळे डाग पडलेली मुलं मला दिसत होती. मी फळ्याकडं तोंड करून लिहीत राहिले. डिसेंबरमध्ये जिल्ह्याच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला. "रुक्ष विषय रंजक करणाऱ्या शिक्षिका" असं मानपत्रावर लिहिलं होतं. ते मी दिवाणखान्यात लावलं. भिंतीवर खिळा ठोकताना नवरा म्हणाला, "तू शिकवण्यात असा काय बदल केलास गं?" मी म्हटलं, खिळा सरळ ठोका.

जानेवारीत कंपनीचा माणूस दुसऱ्या पिढीच्या पट्ट्या घेऊन आला. जुन्या पट्ट्या गोळा करताना त्यानं एक उलटी करून बघितली, मग दुसरी, मग सगळ्याच. सेहेचाळीसपैकी एकतीस पट्ट्यांच्या दिव्यांवर काजळाची पुटं होती. भोयर सरांचा चेहरा बघवत नव्हता. जिल्ह्यात आमच्या शाळेचा आकडा पहिला होता, आणि तो निम्म्याहून जास्त काजळीचा निघाला.

सरांनी वर्गाला उभं करून विचारलं, कोणी सुरू केलं? एकही मूल बोललं नाही. मग त्यांनी जाहीर केलं की सोमवारी सगळ्यांची चाचणी होईल.

नव्या पट्टीत दिव्यांशिवाय धातूच्या चार गुंड्या होत्या. ओळखीची वस्तू किंवा ओळखीचं नाव समोर आलं की सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात मेंदूत विजेची एक बारीक लहर उठते. तोंड बंद ठेवता येतं, ही लहर रोखणं कठीण. खरं तर मुलाला धड्यातला शब्द ओळखू येतो का हे बघायला कंपनीनं ती सोय दिली होती. सरांनी वेगळंच ठरवलं. पडद्यावर एकेका मुलाचं नाव काजळाच्या डबीच्या चित्रासोबत दाखवायचं आणि कुणाच्या नावाला सगळ्यांच्या लहरी उसळतात ते बघायचं. सापडलेल्या मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात "असमाधानकारक" लिहायचं. तो दाखला जन्मभर सोबत राहतो, अकरावीच्या प्रवेशापासून नोकरीपर्यंत. आणि तो रकाना भरायचा असतो वर्गशिक्षिकेनं.

मधल्या शुक्रवारी माझा तास होता. जुन्या पट्ट्या गेल्या होत्या, नव्या अजून वाटल्या नव्हत्या. कपाळं मोकळी होती. प्रांजलीनं टोपण चावलं आणि ती उभी राहिली.

"मॅडम, एक विचारू काय?"

"विचार."

"कलम वीस, उपकलम तीन. आरोपीले स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्याले लावता येत नाही. तुम्हीच शिकवलं. मग सोमवारी आमच्या डोक्यातून जे काढणार आहेत, ते काय आहे?"

सव्वीस वर्षं मी वाट बघत होते की एखादं पोर एखादं कलम परीक्षेबाहेर वापरेल. आणि ते झालं तेव्हा मला काय वाटलं? राग आला. आता कशाला, असं वाटलं.

"ते पोलीस आणि कोर्टासाठी असतं," मी म्हणाले. "शाळेचे नियम वेगळे."

"म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेर हक्क, आणि आत नाही?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"मॅडम, मी त्या धड्याच्या खालची चौकट वाचली," प्रांजली म्हणाली. "दोन हजार दहा साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, संमती नसेल तं मेंदूची चाचणी जबरदस्तीनं नाही करता येत. मी सोमवारी पट्टी नाही लावणार."

ती चौकट मी कधीच शिकवली नव्हती. ती परीक्षेला नसते. सेहेचाळीस मुलं माझ्याकडं बघत होती, एकाचीही मान खाली नव्हती. माझ्या साऱ्या नोकरीत वर्ग इतका जागा मी पाहिला नाही, आणि नेमका त्या दिवशी मोजायला यंत्र नव्हतं! घंटा झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, ही लाजेची गोष्ट आहे.

शनिवारी मी भोयर सरांच्या खोलीत गेले. न्यायालयाचा निकाल छापून नेला होता. एक मुलगी पट्टी लावायला नाही म्हणतेय, हे नाव न घेता सांगितलं.

"संमती नसेल तर, असं लिहिलं आहे ना?" सरांनी कपाटातून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "पान सहा, मुद्दा चौदा. 'शाळेच्या शिस्तीसाठी आवश्यक असा कोणताही वापर.' सेहेचाळीस सह्या आहेत. कोणी घेतल्या, मॅडम?"

मी पान सहा उघडून मुद्दा चौदा पहिल्यांदाच वाचला.

"तुम्ही समजून नाही राहिल्या. जी मुलगी नाही म्हणते, तिनंच केलं असणार. नाहीतर नाही कशाला म्हणेल? चाचणीला आली नाही तर दाखल्यावर शेरा तिच्याच नावानं पडेल."

"नाही म्हणणं म्हणजे कबुली नव्हे, सर. हाच तर सगळा धडा आहे!" माझा आवाज चढला. इतक्या वर्षांत सरांसमोर पहिल्यांदाच चढला.

"आवाज खाली, मॅडम. बरं, एक करा. सोमवारी पालकही येणार आहेत. सगळ्यांच्या समोर पहिली पट्टी तुम्ही लावा. बाईंनी लावली की पोरांची आणि पालकांची भीती जाईल. तुम्हाला तर काही लपवायचं नाही."

पडद्यावर प्रांजलीचं नाव आणि काजळाची डबी दिसली असती आणि माझ्या कवटीतली लहर छपरापर्यंत उडाली असती. मुलांच्या आधी मीच तिचं नाव सांगून बसले असते, तोंड न उघडता.

संमतीपत्राच्या शेवटच्या पानावर मात्र एक ओळ होती. पालक कधीही लेखी संमती मागे घेऊ शकतात. रविवारी सकाळी मी अर्ज टाइप करून प्रांजलीच्या आईकडं, झाडेबाईंच्या घरी गेले. त्यांच्या मांडीवर नात होती, नातीच्या कपाळावर ठसठशीत तीट. मी घाईघाईनं सगळं सांगितलं आणि अर्ज पुढं केला.

"इथं फुली केली आहे. सही करा, म्हणजे उद्या प्रांजलीला बसावं लागणार नाही."

झाडेबाईंनी कागद हातात घेतला नाही. "मॅडम, राग नका मानू. जूनमंदी तुमीच तं म्हणाल्या, वाचत नका बसू. आमी नाही वाचलं. आता तुमी दुसरा कागद आनला, यावरबी फुली हाय."

"हा तुमच्या भल्याचा आहे, बाई."

"तोबी भल्याचाच व्हता ना?" त्यांनी नातीला थोपटलं. "पयल्या कागदात का व्हतं, तेच मले मालूम नाही. मंग मी मांगं का घेऊ? पयले तो वाचतो. मंग सांगतो."

मी चिडून उठले. हिच्याच पोरीसाठी मी धावपळ करतेय आणि ही मला कायदा शिकवतेय! रिक्षात बसल्यावरही मी बडबडत होते. निम्म्या वाटेत थांबले, कारण बाई बरोबर बोलत होती. दुसऱ्यांदाही मी तिच्यापुढं फुलीच नेली होती. प्रांजली ऐकत दारात उभी होती आणि मी तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

सोमवारी सभागृहात पालक सतरंजीवर बसले होते, मुलं भिंतीला टेकून उभी. व्यासपीठावर एक खुर्ची, खुर्चीवर नवी पट्टी. भोयर सरांनी माझं नाव पुकारलं. मी गेले. पट्टी हातात घेतली, गार होती. मग ती टेबलावर ठेवून दिली.

"मी ही लावणार नाही," मी म्हणाले. "जे सांगायचं ते तोंडानं सांगते, कारण ते सांगायचं मी स्वतः ठरवलंय. काजळाची गोष्ट मला ऑगस्टपासून माहीत आहे. मी बघितलं आणि गप्प बसले. माझा आकडा वाढत होता, मला तो हवा होता. सत्काराची शाल मी त्या काजळीवर घेतली. जूनमध्ये तुम्हाला वाचू न देता सह्या घेतल्या त्याही मीच. आठ पानांत काय आहे ते मी स्वतःसुद्धा वाचलं नव्हतं."

सर दातओठ खात म्हणाले, "सुरू कोणी केलं ते माहीत आहे तुम्हाला?"

"आहे."

"नाव सांगा."

"नाही सांगणार. आणि माझ्या डोक्यातून काढूही देणार नाही."

हे वाक्य वर्गात म्हणायला हवं होतं, शुक्रवारीच, असं वाटून मला रडू फुटायला आलं. तेवढ्यात सतरंजीवरून झाडेबाई उठल्या.

"सर, आमचा जूनचा कागद द्या. आमाले वाचाचा हाय."

"आत्ता?"

"मंग कवा?"

मग एक वीटभट्टीवाला उठला, मग एक निवृत्त कंडक्टर. गठ्ठा खाली आला. पुढचे दोन तास सेहेचाळीस घरं आठ पानं वाचत बसली. कोणी बोटानं ओळ धरून, कोणी मुलाकडून वाचून घेत. "शिस्तीसाठी आवश्यक म्हणजे काय?" असं कंडक्टरनं तीनदा विचारलं आणि सरांना तीनदा वेगळं उत्तर द्यावं लागलं. चाचणी त्या दिवशी झाली नाही, पुढंही झाली नाही.

विजय झाला असं मात्र समजू नका. एकोणीस जणांनी संमती मागे घेतली. सत्तावीस जणांनी पूर्ण वाचून पुन्हा सही केली, कारण पोरांचं अभ्यासात लक्ष आहे की नाही हे त्यांना हवंच होतं. मी संतापले. इतकं सगळं करून सत्तावीस!

"पण मॅडम, वाचून केली ना त्यांनी," प्रांजली व्हरांड्यात म्हणाली. तिच्या आईची सही एकोणिसांत होती. मला तिचंही उत्तर खोडता आलं नाही, आणि तेही मला आवडलं नाही.

सरांना एक अपराधी हवा होता, तो मिळाला. वर्गशिक्षिकापद गेलं, राज्यशास्त्र गेलं, आता मला सहावीचा भूगोल आहे. मानपत्र मी स्वतःच उतरवलं, खिळा तसाच आहे. प्रांजलीच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात "चांगली" लिहिलं गेलं. तिनं तो दाखवायला माझ्या घरी आणला होता. मी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचला.

जुलैत कार्यालयातल्या ठाकरेबाबूंनी मला बोलावलं. टेबलावर माझं सेवापुस्तक उघडं होतं. नवी नोंद झाली होती, आणि खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीची फुली होती.

"मॅडम, फुली केली आहे तिथं सही करा," बाबू घाईत म्हणाले. "वाचत काय बसता, सगळं नेहमीचंच आहे."

मी खुर्ची ओढून बसले. पर्समधून चष्मा काढला, पदरानं पुसला. नोंद दीड पानाची होती. "वर्तणूक असमाधानकारक" सातव्या ओळीत होतं. बाबूंनी दोनदा घड्याळाकडं बघितलं, एकदा खाकरले. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मग बाबूंचा खोडरबर मागून घेतला, ती फुली खोडली, आणि तिथं लिहिलं: वाचले. मान्य नाही. त्याखाली सही केली.